पोढीचे पाणी आणि ओवरीतला मुक्काम

एकटा माणूस पाठीला पडशी लावून निघाला, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "बरोबर कोण?" गेल्या चैत्रात मी दासगावला उतरलो, तेव्हा मलाही तो प्रश्न आला. मी म्हटले, "कोणी नाही. गांधारपाल्याची लेणी पाहायची आहेत, पायी जाणार." एका आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग आज रात्री देवळाच्या ओवरीत पडा. उन्हाच्या आत निघा, आणि पाणी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका."

वाचकहो, या साध्या सल्ल्यात दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तो कसा, ते सांगतो.

दासगाव सावित्रीच्या खाडीवर. बाणकोटकडून येणारी गलबते पूर्वी भरतीच्या पाण्यावर इथवर येत. पुढे महाड, आणि महाडमागे सह्याद्रीच्या घाटवाटा. समुद्राचा माल देशावर आणि देशाचा माल समुद्राकडे, असा हा जुना रस्ता. कोकणात पाऊस धो धो पडतो खरा. पण चैत्र-वैशाखात हेच डोंगर असे करपतात, की वाटसरूला वाळवंट आठवावे. मी पहाटे निघालो, तरी लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचेतो पाण्याची बाटली अर्धी झाली होती.

आज वर जायला पायऱ्या आहेत. डोंगराच्या अंगात दोन ओळींत सुमारे तीस बौद्ध लेणी कोरली आहेत. कुठे खांबांची पडवी, कुठे भिक्षूंच्या खोल्या, कुठे चैत्यगृह. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरती थांबवून एका जागी राहावे, असा नियम होता. त्या वर्षावासासाठी अशी ठिकाणे लागत. एरवी वाटेने जाणाऱ्यांनाही त्यांचा आधार असे.

इथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख आहे. कानभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराचे हे दान. त्याने काय काय दिले, याची यादीच त्यात आहे: लेणे, चैत्यघर, आठ 'ओवरक', दोन्ही बाजूंना दोन 'पोढी' आणि लेण्याकडे येणारी वाट. ओवरक म्हणजे खोली. आपली 'ओवरी' त्याच घराण्यातली. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. आदल्या रात्री मी जिच्यात झोपलो, ती ओवरी या भिंतीवर निघाली! गुरुजी, वर्गात हे एकदा सांगून पाहा. आपली भाषा किती जुनी, हे मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

मला नवल वाटले ते वाटेचे आणि पाण्याचे. राजपुत्राने आपली कीर्ती नुसत्या मूर्तीत किंवा खांबात ठेवली नाही. येणाऱ्याचे पाय आणि येणाऱ्याची तहान यांचाही हिशेब त्याने दगडावर लिहिला. नदीपलीकडे कोल येथे लेणी आहेत. तिथल्या दात्यांत शेठी आहेत आणि धम्मसिरी नावाची एक उपासिकाही आहे.

आणि आता हा इतिहास बोचतो. इथून जेमतेम तीन किलोमीटरवर महाडचे चवदार तळे. नगरपालिकेने 1924 साली ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथे ओंजळ भरता येईना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर जमावाने लोकांना मारहाण केली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. न्यायालयात निकाल लागायला 1937 उजाडले. ज्या मुलखात पाण्याचे दान दगडावर कोरले गेले, तिथेच पाण्यासाठी माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. डोंगरावरचा लेख आणि गावातले तळे, दोन्ही एकाच दिवसात पाहावीत.

परतताना एका खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावे दिसली. लिहिणाऱ्यांनाही कुमारासारखे मागे उरायचे असेल. पण कुमाराने आधी दिले आणि मग नाव लिहिले.

लेणी संरक्षित आहेत. तिथे रात्र काढू नका. मुक्कामाला गावातली ओवरी आहे. मुलांना मात्र जरूर न्या, आणि निघताना प्रत्येकाला एक प्रश्न द्या: आपल्या गावच्या वाटेवर येणाऱ्या अनोळखी माणसाला पाणी कुठे मिळते?

दासगावला पोहोचलो, तेव्हा आजोबा पारावर होते. त्यांनी काही न विचारता तांब्या पुढे केला.