शिमग्यातली पालखी : भक्ती आणि तोल

रत्नागिरीच्या शिमग्यात ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी नाचते, आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या सहाणेवरही, म्हणजे पालखी बसवण्याच्या चौथऱ्यावरही, फाल्गुनात हेच घडते. पालखीत देवाची रूपे, म्हणजे मुखवटे, लागली, ढोल-ताशा सुरू झाला की खांदेकरी दांडा खांद्यावर, कधी डोक्यावरही, तोलून गिरक्या घेतात. माझ्या मते ही परंपरा टिकली ती श्रद्धेइतकीच पिढ्यांनी घडवलेल्या अंगकसबामुळे. पालखी वळताना तिचे वजन बाहेर ओढ घेते. म्हणून गुडघे सैल ठेवून, अंग आत झुकवून पाऊल टाकावे लागते, आणि पुढच्या-मागच्या दोघांना एकमेकांचे वळण न बोलता ओळखावे लागते. वळणाचे असेच कसब दाखवत नॉर्वेच्या सोंद्रे नोरहाइमने 1868 साली स्कीवरच्या वळणांनी क्रिस्टियानियातले, म्हणजे आजच्या ऑस्लोतले, लोक थक्क केले. बर्फाच्या उतारावरही वळणाचे शास्त्र हेच आहे: ओढीला अंगाने उत्तर द्यायचे.

पालखी देवच नाचवतो, तिथे कसबाची भाषा कशाला, असा आक्षेप श्रद्धाळू मन घेईल, आणि तो आदराने ऐकायला हवा. पण तोल जाऊ न देणे हीच तिथली सेवा आहे. नवख्याला एकदम ऐन गिरकीत कुणी उभे करत नाही. तो आधी साध्या चालीत खांदा देतो. पण शिकायला सारेच गावात राहिले नाहीत: कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तरी शिमग्याला परतत राहिली. 1998 पासून कोकण रेल्वेने तो प्रवास सोपा केला. मात्र वर्षातून काही दिवसच खांदा देणाऱ्याला सराव कुठून मिळणार? आता पालखी नृत्याच्या स्पर्धा होतात. त्यांनी देवपण उणावते असे काहींना वाटते. मला मात्र त्यांत तरुण खांद्यांना मिळणारा सराव दिसतो.