आधी चोरी, मग नियम : पुण्यातल्या कार्डचोरीची वीस वर्षं

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण वाचा. घरात कुणा ज्येष्ठ माणसाकडे कार्ड असेल तर त्यांना वाचूनही दाखवा.

परवा माझ्या मामांकडे धनकवडीला गेलो होतो. मामा एसटीतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. रोजचा खर्च अजून वहीत लिहितात. चहा झाला, मामी आत गेल्या आणि मामा हळू आवाजात म्हणाले, "तू पत्रकार आहेस, एक विचारू का? पण घरात बोलू नकोस."

झालं असं होतं. सहा दिवसांपूर्वी त्यांना फोन आला. तुमच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट आज रात्री बारा वाजता बाद होणार. समोरची मुलगी शुद्ध मराठीत, अदबीने बोलत होती. मामांनी कार्डाचा नंबर सांगितला, मुदत सांगितली, मागचे तीन आकडे सांगितले आणि शेवटी ओटीपीही सांगितला. २४,९९० रुपये गेले. फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मामांच्या लक्षात आलं. पण ते गप्प बसले. सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, लोक हसतील. चौथ्या दिवशी त्याच कार्डावर परदेशी वेबसाइटवरून आणखी दोन व्यवहार झाले, ३१ हजारांचे. त्यांना ओटीपी लागलाच नाही. मुलाकडे शारजाला जाताना मामांनी कार्डाचा परदेशी वापर सुरू केला होता, तो बंद करायचा राहून गेला होता.

मी म्हटलं, "मामा, त्याच दिवशी बँकेला का नाही कळवलं?" ते म्हणाले, "चूक माझीच होती ना."

हे वाक्य डोक्यातून जाईना. घरी आल्यावर जुनी कात्रणं काढली. रानडे इन्स्टिट्यूटमधून पदविका घेऊन बातमीदारीला लागलो तेव्हापासूनची सवय आहे, जे महत्त्वाचं वाटेल ते कापून ठेवायचं. आपल्या पुण्यात गेल्या वीस वर्षांत कार्ड आणि खात्यांवरच्या ज्या मोठ्या चोऱ्या झाल्या, त्या एका ओळीत लावून बघितल्या. त्या तुम्हालाही सांगतो.

एप्रिल २००५. कॉल सेंटरचं पुणे.

ते दिवस आठवा. रात्री-बेरात्री कंपन्यांच्या सुमो गाड्या पोरांना घ्यायला यायच्या. विशी-बाविशीतली पोरं अमेरिकन उच्चार शिकत होती. अशात बातमी आली की एमफॅसिस कंपनीच्या पुण्यातल्या बीपीओमधल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या चार ग्राहकांची खाती रिकामी केली. रक्कम सुमारे साडेतीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण दीड कोटी रुपये. पैसे पुण्यातल्या बँकांत खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांवर आले. अमेरिकेतल्या ग्राहकांनी तक्रार केली, माग पुण्यापर्यंत आला आणि पुणे पोलिसांनी पोरांना पकडलं.

यात संगणक कुणी फोडला नव्हता. ग्राहकांना मदत करण्याच्या निमित्ताने गोड बोलून त्यांचे गुप्त आकडे काढून घेतले होते. सेंटरमध्ये कागद-पेन न्यायला बंदी होती, येता-जाता झडती व्हायची. आकडे पाठ करून बाहेर नेले आणि सायबर कॅफेत जाऊन खाती उघडली, असं त्या वेळी सांगितलं गेलं.

आता जरा थांबा आणि मामांचा फोन आठवा. गोड आवाज, मदतीचं निमित्त, गुप्त आकडे. युक्ती तीच आहे. फरक एवढाच, की तेव्हा फसलेले लोक न्यूयॉर्कचे, शिकलेले-सवरलेले अमेरिकन होते आणि फोन पुण्यातून जात होता. म्हणजे फसणं हा काही अडाण्यांचा मक्ता नाही.

२००९. ओटीपी कुठून आला?

आज आपण ओटीपीला कंटाळतो. पण पूर्वी ऑनलाइन खरेदीला कार्डावर छापलेले आकडे पुरायचे. कार्ड ज्याच्या हातात काही क्षण पडलं, मग तो हॉटेलातला वेटर असो की पेट्रोल पंपावरचा माणूस, त्याला खरेदी करता येत होती. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये आदेश काढला आणि १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावर न दिसणारी आणखी एक खूण सक्तीची केली. जगातल्या अनेक देशांच्या आधी आपल्याकडे ही सक्ती आली, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण ती सक्ती भारतातल्या व्यवहारांपुरती. परदेशी वेबसाइटना ती लागू होत नव्हती. मामांचे ३१ हजार गेले ते याच फटीतून.

२०१३. बँकेलाही जबाबदार धरता येतं.

हा किस्सा फार कमी लोकांना माहीत आहे. पुण्यातल्या एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून २०११ मध्ये ८० लाखांच्या वर रक्कम परस्पर वळवली गेली. कंपनीच्या माणसाने एका खोट्या ईमेलला उत्तर दिलं होतं. म्हणजे मामांच्या भाषेत "चूक माझीच".

पण माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा तक्रारी ऐकणारा एक न्यायनिवाडा अधिकारी असतो. महाराष्ट्रात ते काम राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव करतात. हे प्रकरण त्यांच्याकडे गेलं. २०१३ मध्ये आदेश झाला, बँकेने ४५ लाख रुपये भरपाई द्यावी. कारण पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती उघडताना नीट तपासणी झालेली नव्हती. ग्राहकाच्या चुकीमुळे भरपाई पूर्ण मिळाली नाही, पण त्या चुकीमुळे बँक सुटलीही नाही. वाटणी झाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२०१६ आणि २०१७. बत्तीस लाख कार्डं आणि एक परिपत्रक.

ऑक्टोबर २०१६ मध्ये कळलं की देशभरातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली आहे. एटीएमचं काम बघणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम शिरला होता. बँकांनी लोकांना पिन बदला म्हणून मेसेज पाठवले, लाखो कार्डं बदलून दिली. त्या लोकांनी कुणालाच ओटीपी सांगितला नव्हता. त्यांनी फक्त एटीएममधून पैसे काढले होते.

पुढच्या वर्षी, ६ जुलै २०१७ रोजी, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. सहकारी बँकांसाठी तसंच त्याच वर्षी डिसेंबरात आलं. माझ्या मते सामान्य ग्राहकाच्या हातातलं हे सगळ्यात मोठं शस्त्र आहे आणि ते जवळजवळ कुणालाच माहीत नाही. साध्या भाषेत सांगतो.

बँकेच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर ग्राहकाचं नुकसान शून्य, मग त्याने कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गळती झाली, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवा, तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठराविक मर्यादेपर्यंतच तोटा तुमचा. साधं बचत खातं किंवा पाच लाखांपर्यंत मर्यादेचं क्रेडिट कार्ड असेल तर जास्तीत जास्त १०,००० रुपये. सात दिवसांनंतर मात्र बँकेचं धोरण असेल तसं.

आणि ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर? तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर आहे.

मामांचं गणित आता मांडा. पहिले २४,९९० बहुधा गेलेच. पण त्याच संध्याकाळी फोन केला असता तर कार्ड बंद झालं असतं, आणि तरीही पैसे गेले असते तर ते ३१ हजार बँकेच्या अंगावर पडले असते. मामांचे ३१ हजार लाजेने नेले.

ऑगस्ट २०१८. कॉसमॉस.

हे तर सगळ्यांना आठवत असेल. १९०६ साली स्थापन झालेली आपली कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट, शनिवार. बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं उभी राहिली. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी निघाले, भारतात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १४ तारखेला चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की ते मशीन बँकेला विचारतं, पिन बरोबर आहे का, खात्यात पैसे आहेत का? मधे एक दुवा असतो, त्याला स्विच म्हणतात. चोरांनी आपलाच एक खोटा स्विच उभा केला. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. खोटा स्विच प्रत्येक प्रश्नाला "हो, द्या" म्हणत राहिला.

त्या आठवड्यात नेटबँकिंग बंद, एटीएम बंद. शाखांमध्ये लोक चौकशी करत होते. लोकांची भीती खोटी नव्हती. २०१३ पासून रुपी बँकेच्या खातेदारांचे हाल या शहराने डोळ्यांनी पाहिले होते. कॉसमॉसने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं की ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत, तोटा बँकेचा आहे. ते खरंही ठरलं.

पुढे काय झालं? एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. ही एटीएममधून पैसे काढणारी, पोहोचवणारी माणसं. खरे सूत्रधार कुठे आहेत? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने मार्च २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. गणेशखिंड रस्त्यावरच्या बँकेचे पैसे आणि उत्तर कोरिया! कादंबरीत लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

त्यानंतर नियम आणखी आवळले. जुनी काळ्या पट्टीची कार्डं बदलून चिपची कार्डं द्यायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती, कारण पट्टीची नक्कल करणं सोपं. २०२० मध्ये कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर आपणच चालू-बंद करायची सोय सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार वेबसाइटना तुमच्या कार्डाचा नंबर साठवायला बंदी आली.

मग मुद्दा काय?

प्रत्येक वेळी आधी चोरी झाली, मग नियम आला. आणि नियम आला तेव्हा चोर पुढच्या फटीकडे गेला होता. संगणकाची एकेक फट बुजत गेली तसा तो परत तिथेच आला, जिथे २००५ मध्ये होता. माणसाच्या कानाशी.

दुसरं, बँक लुटली गेली तेव्हा बँकेने पत्रकार परिषद घेतली, पोलिसांत गेली, हाँगकाँगपर्यंत पाठपुरावा केला. कुणी म्हणालं नाही की गप्प बसा, लोक हसतील. मग आपला मामा का गप्प बसतो? तो गप्प बसतो कारण आपण हसतो. "एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?" हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. चोराला त्याचाच फायदा होतो.

म्हणून हात जोडून चार गोष्टी सांगतो.

१. पैसे गेले की पहिला फोन बँकेला, कार्ड बंद करायला. दुसरा १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला. जितक्या लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो. गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर असतात.

२. आत्ताच बँकेचं ॲप उघडा आणि परदेशी वापर बंद करा. ऑनलाइन मर्यादा गरजेपुरती ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

३. बँक कधीही फोनवर ओटीपी, पिन किंवा मागचे तीन आकडे विचारत नाही. पॉइंट बाद होत असतील तर होऊ द्या.

४. घरातल्या मोठ्यांना आजच सांगा, "काही झालं तर आधी मला सांगा, मी रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका.

मामांना घेऊन दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने आधी तेच ऐकवलं, तुम्हीच ओटीपी दिलात. मी त्याला सांगितलं, परदेशी व्यवहारांना ओटीपी नव्हताच, ती तक्रार वेगळी लिहून घ्या. लिहून घेतली, शिक्का मारून पोच दिली. पैसे मिळतील की नाही, आज सांगता येत नाही.

परत येताना मामा रिक्षात गप्प होते. स्वारगेटच्या पुढे म्हणाले, "आता घरी सांगतो. आणि आमच्या कट्ट्यावर पण सांगतो. तिथे अजून दोघांचे गेलेत, मला वाटतं. बोलत नाहीत."

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर खाली लिहा. नाव नको, बँकेचं नाव नको, रक्कम नको. फक्त फोनवर काय सांगितलं गेलं तेवढं लिहा, पुढचा माणूस सावध होईल.