आभारदिनाच्या ताटांतील रस्सा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबरच्या चवथ्या गुरुवारीं आभारदिन साजरा होतो. त्या दिवशीं घरोघर टर्की नांवाचा थोरला पक्षी भाजतात व त्यावर 'ग्रेव्ही' म्हणजे दाट रस्सा वाढतात. हें ताट प्लिमथ येथील १६२१ सालच्या मेजवानीपासून चालत आलें, असा लोकांचा समज आहे. इतिहास निराळें सांगतो.

१६२० सालीं 'मेफ्लॉवर' गलबतांतून १०२ उतारू आले. त्यांपैकीं सुमारें निम्मे पहिल्याच हिवाळ्यांत दगावले. उरलेल्यांना मक्याची लागवड शिकविली ती तेथील मूळ रहिवासी टिस्क्वांटम यानें. सुगीनंतरच्या मेजवानीस वाम्पानोआगांचा नायक मॅसासॉइट सुमारें ९० माणसांसह तीन दिवस होता. त्याच्या लोकांनीं पांच हरणें मारून आणलीं. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रांत हें वर्णन आहे. त्यांत रानपक्ष्यांचा उल्लेख आहे, टर्कीचा नाहीं. मका, बार्ली व वाटाणा हीं पिकें आहेत, गहूं नाहीं.

आणि गव्हाच्या पिठावांचून आजची ग्रेव्ही होत नाहीं. मध्ययुगीन युरोपांत रस दाट करण्यास पावाचा चुरा किंवा वाटलेले बदाम घालीत. चरबींत पीठ परतण्याची युक्ति फ्रान्समधील ला व्हारेन याच्या १६५१ सालच्या पाकग्रंथांत आढळते.

ही कृति काटकसरीची आहे. पक्ष्याची मान व हृदय कांद्यासह उकळून पाणी काढतात. भाजतांना गळलेली चरबी वेगळी करून तींत तितकेंच पीठ मंद आंचेवर तांबूस परततात. मग तें पाणी व भाजणीचा रस थोडथोडा ओतीत ढवळतात. चरबीनें पिठाचा कण न् कण वेढला गेल्यानें गुठळ्या होत नाहींत. ऊन रसांत ते कण फुगतात व रस्सा दाटतो.

हा सण राष्ट्रीय झाला तो सारा हेल या संपादिकेच्या दीर्घ खटपटीनंतर. यादवी युद्ध चालू असतां, १८६३ सालीं लिंकननें तसा जाहीरनामा काढला. आजचा वार १९४१ च्या कायद्यानें ठरला.

ज्यांनीं मका पेरावयास शिकविलें त्यांची भूमि मात्र पुढें त्यांच्याकडे राहिली नाहीं. म्हणून १९७० पासून त्याच गुरुवारीं प्लिमथच्या टेकडीवर मूळ रहिवाशांचे वंशज शोकदिन पाळतात. आभार मानतांना ते कोणाचे, याचें स्मरण त्या ताटाशीं ठेवणें उचित होय.