व्यापारचिन्ह आणि पत

व्यापारात मालाआधी नाव पोहोचते, आणि जेथे नाव वाचणारा नाही तेथे चिन्ह पोहोचते. म्हणूनच आपल्या बाजारपेठांतून माल ‘छाप’ पाहून मागण्याची रीत पडली. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या आपल्या जळकोट परिसरातील वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचे एक आद्य प्रवर्तक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी होते. काही रंग नीट ओळखता येत नसल्याने त्यांनी रंगकाम सोडले आणि यंत्ररेखाटनाची कास धरली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी त्यास हात लावीनात. ही भीती कोणत्याही चित्राने गेली नसती. ती गेली नांगराच्या खोल तासाने. १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. शंकरराव स्वतः चित्रकार होते. आधी माल, मग त्याची वार्ता, असा हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे.

आपल्या ज्ञातीतील ज्या तरुणांस पंप, इंजिने वा अवजारे पुरविण्याचा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांनी चिन्ह योजताना हाच विवेक ठेवावा. यंत्रावरील चिन्ह ठसठशीत असावे. ओतकामाच्या वाळूच्या साच्यात बारीक रेषा टिकत नाही. पावतीवर एकाच रंगात छापले तरी ते ओळखू यावे. तेलकट, धुळकट पाटीवरही ते दुरून दिसावे.

दुसऱ्याच्या छापेशी साम्य मात्र कटाक्षाने टाळावे. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा आपल्या देशात १९४० साली झाला. त्याची जागा १९५८ च्या व पुढे १९९९ च्या कायद्याने घेतली. आजच्या कायद्याप्रमाणे नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते.

परंतु कायदा चिन्हाचे रक्षण करील, पतीचे नाही. ऐन पाण्याच्या पाळीस पंप बंद पडला असता सुटा भाग घेऊन जो पुरवठादार बांधावर जातो, त्याचेच चिन्ह शेतकऱ्याच्या मनावर उमटते. ते पुसणे कोणाही प्रतिस्पर्ध्यास शक्य नाही.