कमोडोर मॅथ्यूज : कुलाबा ते तुलाँ

आपल्या इतिहासग्रंथांत कमोडोर मॅथ्यूज 1721 च्या डिसेंबरात अलिबागेस येतो, मार खातो आणि पान उलटताच नाहीसा होतो. इंग्रजी आरमारी इतिहासात तो 1744 च्या तुलाँच्या लढाईत अॅडमिरल म्हणून उभा असतो; तिथे कुलाब्याला एखाद-दुसरी ओळ मिळते. माणूस एकच आहे, आणि त्याची दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचल्यावर मला काही गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या.

टॉमस मॅथ्यूज हा वेल्समधल्या लँडॅफचा. जन्म 1676, वडील कर्नल. चौदाव्या वर्षी, 1690 मध्ये, तो आरमारात दाखल झाला. 1718 मध्ये सिसिलीजवळ केप पासारो येथे जॉर्ज बिंगच्या हाताखाली स्पॅनिश आरमाराविरुद्ध तो ‘केंट’ जहाजाचा कप्तान होता. बिंग हे आडनाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

1721 मध्ये चार जहाजांचा ताफा घेऊन तो पूर्वेकडे निघाला. ‘लायन’, ‘सॅलिसबरी’, ‘एक्सेटर’ आणि ‘शोरहॅम’ ही ती जहाजे. कामगिरी होती मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्याची. मुंबईस पोचताच पहिला वाद पेटला तो सलामीवरून. आधी किल्ल्याने तोफा उडवायच्या की राजाच्या जहाजाने? गव्हर्नर चार्ल्स बून आणि मॅथ्यूज यांचे सूत तेव्हापासूनच जुळले नाही.

बूनने पोर्तुगीजांशी करार करून ठेवला होता, कुलाबा मिळून घ्यायचा. आमच्या बदलापूर-उल्हासनगरावरून वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या वसईला पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे ठाणे होते आणि तिथला अधिकारी ‘जनरल ऑफ द नॉर्थ’ म्हणवला जाई. तोही या मोहिमेत होता. खुद्द व्हाइसरॉय गोव्याहून चौलला आला होता. इंग्रजांच्या पायदळाचा प्रमुख रॉबर्ट कोवन. एकूण फौज सहा हजारांच्या आसपास.

‘सॅलिसबरी’वर मिडशिपमन असलेल्या क्लेमंट डाउनिंगने ही हकिकत पुढे 1737 मध्ये छापली. आरंभीच एका मराठा स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. चिडलेला कमोडोर घोडा फेकीत मागे लागला, पिस्तुले झाडू लागला, तर ती भरलेलीच नव्हती! ही कथा डाउनिंगने थोडी रंगवली असेलही, पण पुढचे सारे पाहता ती माणसाला शोभते.

शिड्या लावून तटावर चढण्याचा प्रयत्न फसला. दरम्यान बाजीराव पेशव्यांचे घोडदळ येऊन ठेपले. बाजीराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते, पेशवाई मिळून जेमतेम दीड वर्ष झालेले. सोबत पिलाजी जाधव. स्वार दिसताच पोर्तुगीज फळी मोडली आणि तिच्याबरोबर इंग्रजही मागे हटले. मॅथ्यूज तणतणत किनाऱ्यावर उतरला, त्याने ‘जनरल ऑफ द नॉर्थ’च्या तोंडात आपली छडी खुपसली, व्हाइसरॉयचाही मान ठेवला नाही. 1722 च्या जानेवारीत बाजीरावांनी पोर्तुगीजांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. इंग्रज लेखक याला पोर्तुगीजांचा दगा म्हणतात. माझ्या मते मराठ्यांचा खरा विजय इथेच आहे. रणात जी फट पडली होती, ती बाजीरावांनी कागदावर पक्की केली.

मग ज्या कामासाठी तो आला होता तिकडे, मादागास्करला, मॅथ्यूज गेला. तिथे जॉन प्लांटेन नावाचा चाचा राज्य थाटून बसला होता. कमोडोरने त्याला दारू, टोप्या, बूट, मोजे विकले आणि बदल्यात सोन्याचा कस व हिरे घेतले. शाहू महाराजांचे सरखेल असलेल्या कान्होजी आंग्र्यांना कंपनीची कागदपत्रे बेधडक ‘चाचा’ म्हणतात. दस्तक न घेणारे जहाज अडवणारा सरखेल हा चाचा, आणि चाच्याला मोजे विकणारा हा राजाचा अधिकारी! ‘पायरेट’ शब्द वाचताना मी आता आधी लिहिणाऱ्याचा हुद्दा पाहतो.

मायदेशी परतल्यावर 1724 च्या डिसेंबरात त्याचे कोर्ट मार्शल झाले. व्यापाराबद्दल दोषी ठरवून चार महिन्यांचा पगार दंड केला, बस्स. पुढची बारा वर्षे तो बहुतेक घरीच होता. 1736 मध्ये चॅटहॅमच्या गोदीचा कमिशनर झाला आणि 1742 मध्ये एकदम व्हाइस-अॅडमिरल व भूमध्य समुद्राचा सरसेनापती. इटलीत त्याला ‘इल फुरिबोंदो’, म्हणजे संतापी, म्हणत. वीस वर्षांत स्वभाव बदलला नव्हता; बदलला होता तो फक्त हुद्दा.

त्याच्या हाताखालचा लेस्टॉक आणि तो यांचे जुने वैर. 1744 च्या फेब्रुवारीत तुलाँसमोर फ्रेंच-स्पॅनिश आरमार गाठले तेव्हा मॅथ्यूजच्या ‘नामूर’वर ‘ओळ धरा’ हा इशारा फडकत होता, त्यावरच ‘भिडा’ हा दुसरा चढला, आणि तो स्वतः ओळ सोडून स्पॅनिश सेनापतीच्या ‘रेआल फेलिपे’वर तुटून पडला. लेस्टॉक पिछाडीला अंतर राखून राहिला, कारण काय तर ओळीचा इशारा उतरवलेला नाही! शत्रू निसटला. कुलाब्यास रिकामे पिस्तूल रोखून स्वारामागे धावणारा तो हाच.

लढाईत जो भिडला तो दोषी आणि जो मागे राहिला तो निर्दोष, असा निकाल लागला. लेस्टॉक 1746 मध्ये सुटला. मॅथ्यूज 1747 मध्ये आरमारातून बडतर्फ झाला आणि 1751 मध्ये लंडनला वारला. तुलाँच्या या खटल्यांनंतर 1749 मध्ये आरमारी शिक्षांचे कायदे कडक झाले आणि लढाईत कसूर करणाऱ्यास देहान्ताखेरीज दुसरी शिक्षा देण्याची मुभा उरली नाही.

मॅथ्यूजला दोषी ठरवणाऱ्या न्यायासनावर त्या जॉर्ज बिंगचा मुलगा जॉन बसला होता. 1756 मध्ये मिनोर्काजवळ फ्रेंचांशी गाठ पडली तेव्हा अॅडमिरल जॉन बिंगने मॅथ्यूजचे काय झाले याची आठवण देऊन ओळ मोडण्यास नकार दिला. मिनोर्का गेले. 14 मार्च 1757 रोजी पोर्टस्मथला, ‘मोनार्क’ जहाजाच्या फळीवर, याच नव्या कायद्याखाली बिंगला गोळ्या घातल्या.