शहरांची मैत्री आणि धरणाखालची गावे

हवामानबदलाच्या प्रश्नावर राष्ट्रांच्या बरोबरीने शहरेही एकत्र येऊ लागली, हा गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास. १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांची ‘इक्ली’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २००५ मध्ये लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी जगातील अठरा महानगरांची बैठक बोलावली. त्यातूनच ‘सी-४०’ हे जाळे उभे राहिले. २०२० च्या अखेरीस मुंबई त्यात आली आणि मार्च २०२२ मध्ये तिचा वातावरण कृती आराखडा जाहीर झाला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे उद्दिष्ट आहे.

मी मुरबाडचा. त्यामुळे हा आराखडा वाचताना शहराची हद्द नेमकी कुठे संपते, हा प्रश्न मला टाळता येत नाही. नकाशात ती दहिसर-मुलुंडला संपते. पाण्याच्या हिशेबात मात्र ती शहापूरच्या डोंगरांपर्यंत येते.

१८९२ मध्ये शहापूर तालुक्यात तानसा धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी उताराने, पंपाशिवाय, मुंबईच्या वेशीपर्यंत जाते. पुढे शहर वाढले आणि भातसा आले. आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी भातशाचे आहे. नदीत सोडलेले हे पाणी पिसे येथे अडवून पंपांनी उचलावे लागते. म्हणजे यातल्या प्रत्येक हंड्यामागे वीज आहे, आणि त्या विजेमागे बव्हंशी कोळसा. मुंबईत गळणाऱ्या जलवाहिनीची दुरुस्ती म्हणूनच ऊर्जाधोरणाचाही भाग ठरते.

आता मुरबाडचा काळू प्रकल्प पाहा. महानगर प्रदेशाची तहान भागवण्यासाठी योजलेल्या या धरणाचे काम वनविभागाची मंजुरी नसतानाच सुरू झाले. आदिवासी गावांनी श्रमिक मुक्ती संघटनेच्या साथीने विरोध केला आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. या धरणात सुमारे हजार हेक्टर वनजमीन बुडणार होती. शहराच्या उत्सर्जनाच्या हिशेबात बाहेरून आलेली वीज धरली जाते. शहरासाठी बाहेर बुडणारे जंगल धरले जात नाही. मला ही या हिशेबातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

याला उपाय नाही असे नव्हे. ‘सी-४०’मधल्याच न्यूयॉर्कने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅटस्किल डोंगरातली गावे उठवून जलाशय बांधले. पण १९९७ मध्ये त्याच शहराने पाणलोटातल्या गावांशी लेखी करार केला: गावांनी पाणी स्वच्छ राखायचे, शहराने तिथल्या सांडपाण्याच्या सोयी आणि शेतीतील सुधारणांचा खर्च उचलायचा. शहराचा प्रचंड खर्चाचा गाळणी प्रकल्प त्यामुळे टळला.

शहरांनी एकमेकांकडून शिकायचे तर हे शिकावे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुंबईचे पाणी मात्र याच तालुक्यातून वाहत जाते. मुंबईचा पुढचा आराखडा तयार होईल तेव्हा लंडन-न्यूयॉर्कच्या तज्ज्ञांबरोबर इथल्या ग्रामसभांनाही बोलावावे. या गावांच्या नळाची आणि जंगलाची तरतूद आराखड्यात आकड्यांसह लिहिली जावी, एवढीच मागणी आहे.