भागानगरचा हिवाळा

दख्खनच्या पठारावर स्वारी असो वा यात्रा, ती पूर्वी ऋतूच्या आज्ञेने निघत असे. पाऊस सरून नद्यांना उतार पडला, म्हणजे वाटा मोकळ्या होत. इ. स. १६७७ च्या आरंभी, अशाच कोरड्या थंडीत, श्रीशिवछत्रपती भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, पाहुणे म्हणून आले. रयतेस उपद्रव न देण्याची सैन्यास सक्त ताकीद होती. कुत्बशाहीचे प्रधान मादण्णापंत व त्यांचे बंधू अक्कण्णा यांच्या पुढाकाराने सुलतान अबुल हसनशी स्नेह जुळला. पुढे महाराजांनी श्रीशैलास मल्लिकार्जुनाचे दर्शन घेतले.

दहाच वर्षांनी, १६८७ च्या जानेवारीत, त्याच सुगम ऋतूत औरंगजेब गोवळकोंड्यावर चालून आला. पावसाळ्यात पूर व उपासमार यांनी मोगल छावणी हवालदिल झाली. तरी सप्टेंबरात फितुरीने दरवाजा उघडला आणि किल्ला पडला. त्या दोघा बंधूंची हत्या १६८६ मध्येच झाली होती.

ऋतू वाट तेवढी मोकळी करतो. तिने स्नेहासाठी जावे की संहारासाठी, हे माणूसच ठरवितो, असे आम्हांस वाटते. मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत हैदराबादेस जाणाऱ्या वाचकांनी गोवळकोंडा अवश्य पाहावा. आणि शालीबंडा भागातील अक्कण्णा-मादण्णांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाकाली मंदिरातही क्षणभर हात जोडावेत, अशी आमची विनंती आहे.